आप्पा, भिर्रर्र म्हणू नका

आप्पा,

वडिलांना पत्र लिहिताना वर 'तीर्थरूप' लिहायचं आणि खाली 'शिरसाष्टांग नमस्कार' घालायचा, असं शाळेत बाईंनी शिकवलं होतं. आज दोन्ही घालावंसं वाटत नाही. मी रागात आहे. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण लोक म्हणतात म्हणून राग जातो का?

दुपारी बाळू आला होता मंचरला, माझ्या घरी. तुमचा लाडका पुतण्या, आता यात्रा कमिटीचा अध्यक्ष झालाय. काखेत गुंडाळलेला फ्लेक्स होता, तो त्यानं खोलीभर पसरला. वर तुमचा फेट्यातला फोटो, खाली माझा शाळेतला सायकलवरचा, आणि मधे ठळक अक्षरात, 'सायकलपटू घडवणारे कै. आप्पा यांच्या स्मरणार्थ मुलींची भव्य सायकल शर्यत.' यंदाच्या यात्रेत, बैलगाड्यांच्या आदल्या दिवशी. वारूळवाडीतून सुटायचं, जुन्नरला जाऊन परत यायचं.

"ताई, तुमी फकस्त निशाण टाकायचं," बाळू म्हणाला, "आन् आप्पांसारखं भिर्रर्र म्हनायचं. लोकं येडी व्हत्याल बघा!"

मी म्हटलं, उद्या सांगते. त्याला वाटलं मला भरून आलं. भरून कसलं, त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला! पण त्याची बिचाऱ्याची काय चूक? त्याला काही माहीत नाही. माहीत आहे ते तुम्हाला, मला आणि शाळेतल्या शेटे सरांना. सर बदली होऊन गेले, तुम्ही असे गेलात, उरले मी.

घडवणारे म्हणे!

बरं, घडवलंत. ते मी कधी नाकारलं नाही. माझ्या पुण्याच्या नणंदेला अजून वाटतं की घाट म्हणजे खंडाळ्यासारखा वळणावळणाचा रस्ता. तिला किती वेळा सांगितलं, आमच्याकडं घाट म्हणजे बैलगाडे पळवायची चढाची सरळ पट्टी. एका वेळी एकच गाडा सुटतो, शर्यत असते ती घड्याळाशी. पुढं घोडी पळते, तिला गाठायला बैल जिवाच्या आकांतानं धावतात, आणि पुकारणारा ओरडतो, झाली झाली, भिर्रर्र! त्या घाटात तुम्ही घड्याळवाले होतात. आप्पांच्या घड्याळावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी घाट ओस पडतो. सांडलेला भंडारा, उसाची चिपाडं आणि कुत्री. मी तुमची सायकल घेऊन त्या चढावर गेले होते, नळीखालून पाय घालून चालवायचं वय नुकतंच सुटलं होतं. तुम्ही खाली मांडव सोडवत होतात. वर जाऊन मागं पाहिलं तर तुमच्या हातात घड्याळ. "संगे, पुन्यांदा ये खाली," तुम्ही ओरडलात, "आन् आता म्या सांगतो तवाच सूट." मग निशाणासारखा पंचा खाली टाकलात आणि भिर्रर्र केलंत. माझ्यासाठी केलेलं ते पहिलं. काय पळाले मी त्या दिवशी!

तिथून मी तुमचा गाडा झाले. शाळेत जाताना घड्याळ, येताना घड्याळ. आपल्या शर्यतीच्या बैलाला, बादलला, खुराक चढवायचात, गव्हाचं पीठ, उडदाची डाळ, अंडी, दूध, त्यातलंच थोडं बाजूला काढून माझ्या पुढ्यात. आई कावायची, "पोरगी हाय का बैल, जरा बघा तरी!" तुम्ही हसायचात. पहाटे बादलला मढच्या रस्त्याला फिरवून आणायचात, मग राजदूत मोटरसायकल काढून त्याच रस्त्याला मला. माळशेजकडून येणारा वारा थेट छाताडावर. तुम्ही गाडी माझ्या बाजूनं चालवायचात आणि शेवटच्या चढाला, वडाचं झाड दिसलं की, भिर्रर्र! झाडापाशी पोचले की गुळाचा खडा. बादललाही तोच खडा, त्याच डब्यातला.

मला ते आवडायचं, आप्पा. खोटं कशाला बोलू? दोन भावांना सोडून तुम्ही मला रस्त्यावर काढलंत. आमच्या बरोबरीच्या मुली सातवीनंतर कांद्याच्या रोपांत वाकल्या होत्या आणि मी चड्डी घालून नारायणगावातून सायकल हाणत होते. लोक बोलायचे तेव्हा तुम्ही त्यांच्यासमोर मिशीला पीळ द्यायचात. त्या एका गोष्टीसाठी मी तुमचं काय म्हणाल ते ऐकलं असतं. ऐकलंच तर.

शाळेतले शेटे सर स्वतः सायकलिंग केलेले. त्यांनी आम्हाला पुण्याच्या ट्रॅकवर नेलं. सिमेंटचा, कढईच्या कडेसारखा तिरपा. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो हे सरांनी सांगितल्यावर आईनं तोंडाला पदर लावला, आणि तुम्ही म्हणालात, "मंग काय झालं? बैलगाड्याला कवा ब्रेक व्हता?" सरांनाही हसू आवरेना. तिथली शर्यत तुमच्या ओळखीची निघाली. ट्रॅकवर एकटीनं पळायचं, घड्याळाशी. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. जन्मापासून मी दुसरं केलं तरी काय होतं?

पहिला नंबर आला तेव्हा तुम्ही आणि तुमचे घाटातले दोस्त जीप भरून आला होतात. आणि काय केलंत? खिशातला भंडारा काढून उधळलात! माझ्या अंगावर, सायकलीवर, त्या गुळगुळीत सिमेंटवर. पिवळाधमक झाला ट्रॅक. पंच पळत आले, शिट्ट्या काय, ओरडणं काय. त्या भुकटीवर पुढची मुलगी घसरली असती तर हाडं मोडली असती तिची. शर्यती थांबवून ट्रॅक पुसावा लागला आणि तुम्हाला सगळ्यांना दाराबाहेर काढलं. जाता जाता तुम्ही पंचांना म्हणालात, "साहेब, आमच्याकडं जिकल्यावर गप बसत न्हाईत." मी लाजेनं मेले होते, आणि तरी हसत होते. त्या दिवसाचं मी तुम्हाला केव्हाच माफ केलं. पुढचं नाही.

पुढचं तुम्हाला आठवतं का? तुम्ही आठवत नसल्यासारखं वागलात, म्हणून विचारते.

राज्याच्या संघाची निवड होती. ट्रॅकवरची वेळ आणि रस्त्यावरची शर्यत, दोन्ही बघून मुली घेणार होते. ट्रॅकवर माझं काम झालं होतं. रस्त्यावरची शर्यत आपल्याच मुलखात, मंचरहून घोडेगाववरून डिंभ्यापर्यंत आणि परत. आदल्या आठवड्यात शेटे सर घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी तुम्हाला समजावलं. रस्त्यावर सगळ्या मुली एकदम सुटतात. पुढची असते ती वारा खाते, मागचीचा दम वाचतो. म्हणून घोळक्यात राहायचं, आळीपाळीनं पुढं यायचं. "संगीताला जिंकायची गरज नाही," सर म्हणाले, "घोळक्याबरोबर परत पोचली तरी ती संघात आहे."

तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "म्हंजी दुसऱ्याच्या आडोशानं पळायचं?"

"आडोसाच म्हणा. तुमच्या घाटात बैलांच्या पुढं घोडी असते ना? तसं समजा."

"घोडीला गाठायचं असतंय, सर," तुम्ही म्हणालात. "तिच्या शेपटीमागं लपायचं नसतंय."

सर तुम्हाला ओळखून होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हात जोडले. म्हणाले, आप्पा, रस्त्यावर उभे राहा, पाणी द्या, टाळ्या वाजवा. पण तो आवाज देऊ नका. तुम्ही त्यांचे जोडलेले हात खाली केलेत. मग म्हणालात, "न्हाई देत. शब्द हाय माझा."

शब्द हाय माझा! पंचक्रोशीत तुमच्या शब्दावर गाडेवाले भांडणं मिटवायचे. मी तर तुमची मुलगी. मी त्या रात्री गाढ झोपले.

घोडेगावच्या अलीकडे, कालव्याच्या वळणावर तुम्ही उभे होतात. डिंभ्याकडून वारा समोरून येत होता. मी घोळक्यात मधेच होते, कुणी म्हणेल आरामात. पहिल्यांदाच कळत होतं मला, की दुसऱ्याच्या मागं पळण्यात लाजेसारखं काहीच नाही. पुढं सांगलीची एक मुलगी होती, चांगली उंच, तिच्या पाठीमागं वारा लागतच नव्हता. मला वाटलं, अगं बाई, एवढं सोपं असतं का हे? आयुष्यभर मी एकटीनंच वारा खाल्ला होता.

तुमचा फेटा मला लांबूनच दिसला. शेजारी बाळू, घाटातली सगळी मंडळी. तुम्हीही मला बघितलंत, मधे, दुसऱ्यांच्या आड. शेजारचा कुणीतरी म्हणाला, ते मला मागाहून कळलं, "आप्पा, पोरगी मागं पडली की वो!" तेवढं पुरलं तुम्हाला. दोन्ही हात वर केलेत आणि ओरडलात.

भिर्रर्र!

लोक म्हणतील, ऐकलंस कशाला? डोकं नव्हतं का तुला? त्यांनी बैलाला विचारावं. वडाचं झाड, गुळाचा खडा, तो आवाज. माझ्या पायांना तुम्हीच शिकवलं होतं त्या आवाजाला काय करायचं. मला कळायच्या आत मी सांगलीच्या मुलीला मागं टाकून वाऱ्यात एकटी पुढं होते, आणि मागून तुमची मंडळी ओरडत होती. शेटे सर जीपमधून ओरडले, थांब, मागं ये! तुमच्या गोंगाटात तो आवाज मला उशिरा पोचला.

डिंभ्याच्या आधीच त्यांनी मला गाठलं. सगळ्या एकत्र, एकमेकींच्या आडोशानं, गप्पा मारत असल्यासारख्या बाजूनं निघून गेल्या. त्यांच्या मागं लागायला माझ्या पायांत जीव राहिला नव्हता. मंचरला पोचले तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलत होते. सांगलीची मुलगी संघात गेली. पुढं तिला रेल्वेत नोकरी लागली, असं ऐकलं. चांगली मुलगी होती ती. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "कशाला गं सुटलीस?" मी काय सांगणार होते तिला?

तुम्ही जीपमध्ये एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, वाईट वाटतंय तुम्हाला. दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या हॉटेलात चार माणसांत म्हणालात, "पोरीची छाती कमी पडली. दम न्हाई टिकला." बाळूनंच घरी येऊन सांगितलं, साध्या मनानं. मी भाकऱ्या थापत होते. तवा तसाच ठेवून गोठ्यात गेले आणि बादलच्या गळ्यात पडून रडले. दुसरं कोण होतं मला सांगायला?

छाती कमी पडली, आप्पा? माझी?

शेटे सर पुन्हा आले होते. पुढच्या वर्षी परत निवड आहे, वय आहे, होऊन जाईल म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पोरीची जात, सर. एकदा घाट हुकला की हुकला." आणि त्याच उन्हाळ्यात मला उजवलंत! मांडव मोठा घातलात, जेवणावळी उठवल्यात, कुणाला बोट ठेवायला जागा नाही. माझी सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगलीत, जुन्या जुवांच्या शेजारी. पाठवणीच्या वेळी मला ती दिसत होती, मागचं चाक हळूहळू फिरत होतं.

मला सासर वाईट मिळालं नाही, हे तुमच्या बाजूनं लिहून ठेवते. हे चांगले आहेत. दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते. पण बादलचं मला विसरता येत नाही. माझ्या लग्नाच्या आधीपासून बादल घाटात हरत होता. पाय अधू झाले होते. चाकणच्या बैलबाजारात न्या, लोक म्हणायचे. तुम्ही काय म्हणालात? "त्यानं माझ्यासाठी जीव टाकला, मरंस्तवर माझ्या दावनीला ऱ्हाईल." आणि राहिला! मेला तेव्हा वाजंत्री लावून शेतात पुरलात, दहावा घातलात, डोक्यावरचे केस काढलेत. मी त्या दहाव्याला मंचरहून आले होते. पंगतीत बसून बुंदी खाल्ली आणि मनात एकच, मी किती वेळा हरले होते, आप्पा? एकदाच ना? तीही तुमच्या आवाजानं! बैलाला मरेपर्यंत ठेवलंत, मला वर्षभर ठेवलं नाहीत.

हे सगळं तुम्हाला कळलंच नव्हतं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. आपला माणूस अडाणी, हट्टी, त्याला काय कळणार सायकलीतलं? अशी समजूत घातली की राग जरा निवतो. ती समजूतही तुम्ही राहू दिली नाहीत.

जायच्या आधीच्या पावसाळ्यात तुम्ही डोळे तपासायला मंचरला आलात, माझ्याकडे राहिलात. ह्यांनी नुकतीच केबल घेतली होती. टीव्हीवर परदेशातली कुठलीशी सायकल शर्यत चालू होती. मी चहा टाकत होते, दारातून तुम्ही दिसत होतात. खुर्चीत पुढं सरकून बघत होतात. सगळा घोळका एकत्र, एकमेकांच्या मागं, रंगीबेरंगी. बराच वेळ बघितलंत.

"संगे," तुम्ही विचारलंत, "ही सगळी मागं का ऱ्हात्यात? म्होरं का जात न्हाईत?"

मी कप घेऊन आले. म्हटलं, "पुढचा वारा खातो, आप्पा. मागच्याचा दम वाचतो. शेवटी शेवटी सुटतात."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी बघत राहिले. आप्पा, त्या क्षणाला तुम्हाला सगळं कळलं, ते मी तुमच्या तोंडावर वाचलं. घोडेगावचं वळण, कालवा, सगळं. मला वाटलं, आता बोलतील. एक शब्द. 'चुकलं' नको, तुमच्या तोंडाला तो शब्द माहीतच नव्हता. नुसतं 'संगे' म्हणाला असतात तरी मी तिथंच बसून तुमच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं असतं!

तुम्ही घोट घेतलात आणि म्हणालात, "साखर कमी हाय चहात."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. तुम्ही सकाळच्या पहिल्या एसटीनं निघून गेलात. हिवाळ्यात गेल्याचाच फोन आला. दहाव्याला नदीवर पुढाऱ्यांची भाषणं झाली, एकानं सांगितलं, मुलीला सायकलपटू घडवणारा बाप आता होणे नाही. माणसं माझ्याकडं वळून बघत होती. मी पिंडाकडं बघत बसले. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, इच्छा काही राहिली नव्हती. मला त्या कावळ्याचासुद्धा राग आला. काहीच राहिलं नव्हतं? माझ्याशी बोलायचंसुद्धा?

बाळू गेल्यावर मघाशी आईला फोन केला. पहिल्यांदाच सगळं बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंचरवरनं आले तवा दोन दिस जेवले न्हाईत. तुजी सायकल खाली काढली, पुसली, परत टांगली."

"मग मला का नाही बोलले?" मी ओरडलेच.

"ते बैलांशी बोलायचे गं," आई म्हणाली. "मानसांशी कवा बोलले?"

सायकल पुसलीत! मला काय उपयोग त्याचा? तीच सायकल आता बाळू खाली काढणार आहे. स्टेजवर तुमच्या फोटोशेजारी ठेवून तिला हार घालणार आहेत. मी जिवंत आहे, आप्पा, आणि माझ्या सायकलीला हार!

तरी मी येणार आहे. आता लिहिता लिहिता ठरलं. बाळूला सकाळी फोन करते. हार घालू नको, सायकलीची चेन बदलून टायरात हवा भर, म्हणून सांगणार आहे. शर्यतीत बाळूची मुलगी पण आहे. पहाटे ती मढच्या रस्त्याला जाते, बाळू मोटरसायकलवर तिच्या बाजूनं असतो. तो शेवटच्या चढाला काय ओरडत असेल ते मला कुणी सांगायला नको.

म्हणून शब्द देते, आणि माझा शब्द तुमच्यासारखा नाही. निशाण मी टाकीन, पण भिर्रर्र म्हणणार नाही. सुटायच्या आधी सगळ्या मुलींना जवळ बोलावून सांगेन, पुढचीच्या मागं राहा, आळीपाळीनं वारा खा, त्यात लाज नाही. मग निशाण टाकलं की माझ्या सायकलवर बसून आडवाटेनं त्यांच्या पुढं निघेन आणि जुन्नरच्या अलीकडे, जिथं बापांची गर्दी असेल, तिथं जाऊन बाळूच्या शेजारी उभी राहीन. पोरगी घोळक्यात दिसली आणि त्यानं तोंड उघडलं, की त्याच्या तोंडावर हात ठेवीन. घट्ट. सगळ्या पोरी वळणाआड जाईपर्यंत काढणार नाही. तो हात तुमच्या तोंडावर ठेवायला त्या दिवशी कालव्यापाशी कुणीच नव्हतं.

तुमचीच,
संगी